सोनेरी सालीखाली काय आहे: टायटॅनियमवर नायट्राइडचा थर कसा धरतो आणि कसा वाढतो

नायट्राइड केलेला, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून कडक केलेला, टायटॅनियमचा तुकडा भट्टीतून बाहेर आला की जो तो आधी त्याचा रंग बघतो. पिवळाधमक, पितळेपेक्षा उजळ. रंग बरोबर आला म्हणजे काम झालं, असं समजून तुकडा पुढे पाठवला जातो. मला नव्या मंडळींना पहिली गोष्ट सांगायची आहे ती हीच. ती सोनेरी साल बहुतेक वेळा दोन-चार मायक्रॉनची असते. तिच्यावर पडणारा भार झेलतो तो तिच्या खालचा पट्टा. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. हा लेख त्या पट्ट्यासाठी आहे.

पुण्याच्या बाजूला नायट्राइडिंग कुणाला नवं नाही. भोसरी-चाकणच्या हीट ट्रीटमेंट शेडमध्ये क्रँकशाफ्ट, गिअर आणि डाय अमोनियाच्या भट्टीत जातच असतात. तिथं हात बसलेला माणूस टायटॅनियमकडे वळतो तेव्हा स्टीलच्या सवयी सोबत घेऊन येतो, आणि त्यातल्या निम्म्या इथं घात करतात. स्टीलचं नायट्राइडिंग साधारण ५०० ते ५८० अंश सेल्सिअसला होतं आणि नायट्रोजन अमोनियातून येतो, कारण त्या तापमानाला लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू फुटत नाही. टायटॅनियमचं तसं नाही. साध्या सिलिंडरमधला नायट्रोजन त्याच्या गरम पृष्ठभागावर आपणहून फुटतो आणि आत शिरतो. पण आत शिरल्यावर तो फार हळू चालतो, म्हणून तापमान ८०० ते ९५० अंशांच्या घरात ठेवावं लागतं. अमोनिया मात्र टाळलेला बरा. त्यातला हायड्रोजन टायटॅनियम आनंदाने पितो आणि त्याचं हायड्राइड होऊन धातू ठिसूळ होतो.

एवढा खटाटोप करायचा कशासाठी? टायटॅनियम हलका आहे, मजबूत आहे, गंजत नाही; पण घासायला फार वाईट. टायटॅनियमवर टायटॅनियम थोड्या दाबाने फिरवला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, फाटतात आणि जोड जॅम होतो. ग्रेड ५ चा, म्हणजे सहा टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असलेल्या मिश्रधातूचा, कडकपणा साधारण ३५० विकर्स असतो. टायटॅनियम नायट्राइडचा २००० च्या आसपास.

थर आतून कसा रचलेला असतो

भट्टीकडे जाण्याआधी कागदावर एक आडवा छेद काढा. तो डोक्यात पक्का असेल तर पुढचं सगळं सोपं जातं.

सगळ्यात वर टायटॅनियम नायट्राइड: एका टायटॅनियम अणूला एक नायट्रोजन, मिठाच्या स्फटिकासारखी रचना, सोनेरी रंग. त्याच्या खाली दोन टायटॅनियमला एक नायट्रोजन असलेला दुसरा नायट्राइड. त्याला प्रयोगशाळेत सगळे ‘टीआय-टू-एन’ म्हणतात. हे दोन मिळून झाला कंपाउंड लेयर. त्याच्याही खाली डिफ्यूजन झोन. इथं नवं संयुग नसतं. टायटॅनियम टायटॅनियमच राहतो, फक्त त्याच्या अणूंच्या मधल्या पोकळ्यांत नायट्रोजन जाऊन बसलेला असतो. वरच्या कडेला पुष्कळ आणि आत जावं तसा कमी कमी, शेवटी मूळ धातूत विरून गेलेला.

टायटॅनियमचे दोन अवतार आहेत. शुद्ध धातू ८८२ अंशांच्या खाली अल्फा असतो, षट्कोनी रचनेचा; त्याच्या वर बीटा, घनाकृती. अल्फामध्ये सहा टायटॅनियम अणूंच्या मध्ये जी पोकळी राहते, तीत नायट्रोजनचा अणू बसतो. अल्फा किती नायट्रोजन सामावून घेतो हे पाहून मी शिकत असताना थक्क झालो होतो: शंभर अणूंत जास्तीत जास्त सुमारे २३. वजनात मोजलं तर आठ टक्क्यांच्या आसपास. आता ग्रेड ५ चं प्रमाणपत्र काढून बघा. त्यात नायट्रोजनची कमाल मर्यादा ०.०५ टक्के लिहिलेली असते, कारण तो वाढला की धातू ठिसूळ होतो. म्हणजे खरेदी करताना जो नायट्रोजन आपण नको म्हणतो, तोच डिफ्यूजन झोनच्या वरच्या कडेला शंभरपटीहून अधिक भरतो. पृष्ठभागाशी कडकपणा, गाभ्यात चिवटपणा, आणि दोहोंच्या मध्ये हळूहळू उतरणारा उतार. नायट्राइडिंगची सगळी किंमत त्या उतारात आहे. उतार नसेल, मऊ धातूवर नुसतीच कडक साल असेल, तर ती गादीवर ठेवलेल्या काचेसारखी पहिल्याच टोकदार भाराखाली तडकते.

थर कोणत्या क्रमाने धरतो तेही बघू. पहिल्या क्षणी रेणू पृष्ठभागाला चिकटतो, फुटतो, आणि सुटे अणू आत उतरू लागतात. पृष्ठभागाजवळची जागा भरत जाते. अल्फाची सामावून घेण्याची ताकद संपली की तिथं नायट्राइडचे कण जन्माला येतात, पसरतात, एकमेकांना भिडतात आणि सलग साय धरते. शुद्ध नायट्रोजनमध्ये वरची सोनेरी साय फार लवकर दिसते. साय धरली की खेळ बदलतो. आता नायट्रोजनला आत जायचं तर सायीतूनच वाट काढावी लागते, आणि नायट्राइडमधून त्याची चाल अल्फाहूनही मंद असते. तो आतल्या आत एका रिकाम्या जागेवरून दुसऱ्या रिकाम्या जागेवर उडी मारत सरकतो. टायटॅनियमचे अणू जवळजवळ जागचे हलत नाहीत. म्हणजे थर बाहेर वाढत नाही, धातू खात खात आत जातो. याचा पुरावा तुमच्या हातातच असतो: कूपनवर, म्हणजे चाचणीच्या छोट्या तुकड्यावर, पॉलिश पेपरच्या ज्या रेघा राहिल्या असतील, त्या नायट्राइडिंगनंतर सोनेरी सालीवर जशाच्या तशा दिसतात.

पीव्हीडी कोटिंग (निर्वातात वाफेतून वरून चढवलेला थर) केलेल्या ड्रिलवरही हाच सोनेरी नायट्राइड असतो, पण तो वरून लावलेला असतो, त्याला खाली मुळं नसतात. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून हा फरक लक्षात ठेवा.

याच पदार्थाची एक गोष्ट सांगतो. १८५२ साली आजच्या उत्तर प्रदेशातल्या बस्ती परिसरात एक उल्का पडली. तिच्या दगडात सोनेरी, अतिसूक्ष्म कण होते. ते निसर्गात सापडलेलं टायटॅनियम नायट्राइड. त्या खनिजाला ऑसबोर्नाइट असं नाव मिळालं. भट्टीत आपण जे करतो ते आपल्या आधी अवकाशात होऊन गेलंय, हे मला अजूनही भारावून टाकतं.

पहिली पायरी: हातात कोणता टायटॅनियम आहे ते पाहा

‘टायटॅनियम’ एवढंच लिहिलेला तुकडा भट्टीत घालू नका. ग्रेड आणि त्याचं बीटा होण्याचं तापमान माहीत हवं. शुद्ध धातूचं ८८२ अंश, ग्रेड ५ चं साधारण ९९५. हा आकडा ओलांडला की गाभ्यातले कण झपाट्याने मोठे होतात, थंड होताना आतली बारीक रचना जाऊन सुयांसारखे पट्टे उमटतात, आणि तन्यता व थकवा सहन करण्याची ताकद दोन्ही घसरतात. थर सुंदर आला आणि गाभा वाया गेला, असं होतं.

माझा आग्रह आहे की पहिल्या प्रयोगात ग्रेड २ (जवळजवळ शुद्ध टायटॅनियम) आणि ग्रेड ५ यांची कूपनं शेजारी शेजारी, ८५० अंशांना घ्यावीत. हे तापमान दोन्हींच्या सीमेखाली आहे. ग्रेड २ मध्ये जवळपास नुसता अल्फा, त्यामुळे थराची रचना स्वच्छ वाचता येते. ग्रेड ५ मध्ये अ‍ॅल्युमिनियमची भानगड असते: नायट्राइड त्याला आपल्यात फारसं घेत नाही, पुढे ढकलत नेतो, आणि कंपाउंड लेयरच्या खाली अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण वाढलेला एक पातळ पट्टा साठतो. साधा धातू आधी पाहिलेला असेल तरच हा पट्टा ओळखू येतो.

दुसरी पायरी: कूपन

२० मिलिमीटर व्यासाची, ५ मिलिमीटर जाडीची चकती पुरे. एमरी पेपरवर क्रमाने १२०० पर्यंत उतरवा. अ‍ॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग गरम हवेत वाळवा. इथून पुढे उघड्या हाताने शिवायचं नाही. घामातलं मीठ म्हणजे क्लोराइड. गरम टायटॅनियमला त्याने तडे जाऊ शकतात. याच कारणासाठी क्लोरीनवाले सॉल्व्हंट, जे स्टीलच्या डिग्रीझिंगला सर्रास वापरले जातात, ते इथं वर्ज्य.

वाळल्यावर वजन घ्या, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. हे वजन पुढे फार उपयोगी पडणार आहे.

टायटॅनियमवर काही नॅनोमीटरची ऑक्साइडची पापुद्री कायमच असते. ती कागदाने घासून जात नाही; क्षणात परत येते. तिची काळजी करू नका. चांगल्या निर्वातात तापवलं की ती धातूतच विरघळून जाते. भट्टीच्या आत नवा ऑक्सिजन येणार नाही, ही काळजी मात्र घ्यायचीच आहे.

तिसरी पायरी: कूपन टेकवायचं कशावर

ही पायरी कुणी लिहून ठेवत नाही, आणि माझं पहिलं मोठं नुकसान इथंच झालं. आम्ही सहा कूपनं निक्रोमच्या, म्हणजे निकेल-क्रोमियमच्या, तारेने टांगली होती, ९५० अंशांचा सायकल होता. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर चार कूपनं तळाशी पडलेली. तार जिथं धातूला टेकली होती तिथं दोन्ही वितळून एक गोल, गुळगुळीत खळगा पडला होता, मेणात गरम सुई टेकवावी तसा. तारेचा वितळणबिंदू १४०० अंशांच्या आसपास, टायटॅनियमचा १६६८. ९५० ला काय वितळलं? उत्तर नंतर कळलं. निकेल आणि टायटॅनियम एकमेकांना टेकले की त्यांच्या मिश्रणाचा युटेक्टिक बिंदू, म्हणजे दोघांच्याही वितळणबिंदूखाली मिश्रण वितळू लागतं ते तापमान, ९४२ अंशांना आहे. लोखंडाबरोबर तो १०८५ अंशांना येतो, पण त्याच्या खालीही माती एकमेकांत मिसळावी तसे हे धातू मिसळतात.

म्हणून टांगायचं तर टायटॅनियमच्याच तारेने. ठेवायचं तर अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत, कडेवर टेकवून, म्हणजे दोन्ही तोंडं मोकळी राहतील. तापमान मोजणाऱ्या के टाइप थर्मोकपलच्या तारा मुख्यतः निकेलच्याच असतात. त्याचं उघडं टोक कूपनला लावू नका. अ‍ॅल्युमिनाच्या शीथमध्ये घालून शेजारी ठेवा, आणि रिकाम्या भट्टीत आधी एकदा तापमानाचा फरक मोजून ठेवा.

अजून एक. कूपनसोबत टायटॅनियमचा बारीक भुगा भट्टीत जाता कामा नये. टायटॅनियम नायट्रोजनमध्येसुद्धा जळतो, सुमारे ८०० अंशांना. भरीव तुकड्याला त्याचा धोका नाही, पण लेथच्या बारीक किसाला आणि पावडरीला आहे. आग लागली तर पाणी नको, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नको. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची खास पावडरच लागते. ती बादली भट्टीजवळ असल्याशिवाय काम सुरू करू नका.

चौथी पायरी: नायट्रोजन की ऑक्सिजन?

टायटॅनियमला नायट्रोजन आवडतो, पण ऑक्सिजन त्याहून जास्त. दोन्ही समोर असले तर ऑक्सिजन जिंकतो. त्यामुळे सिलिंडर ९९.९९९ टक्के शुद्धतेचा घ्या. पण खरा चोर सिलिंडरमध्ये नसतो, जोडांमध्ये असतो. रबरी नळी, ढिली फिटिंग, भट्टीच्या विटांत मुरलेला पावसाळ्यातला ओलावा. जुलैमध्ये केलेल्या आणि जानेवारीत केलेल्या लॉटमध्ये फरक दिसतो तो याच ओलाव्यामुळे.

भट्टी आधी निर्वात करा, एका मिलीबारच्या लाखाव्या भागापर्यंत जमलं तर उत्तम. मग पंपाचा व्हॉल्व बंद करा आणि दहा मिनिटं गेजकडे बघत बसा. दाब चढत राहिला तर कुठेतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्यांचे अनेक दिवस वाया गेलेले मी पाहिले आहेत. नायट्रोजन आत येतो त्या तोंडाशी टायटॅनियम स्पंजचे (सच्छिद्र कच्च्या टायटॅनियमचे) जाड खडे ठेवले तर उरलासुरला ऑक्सिजन ते आधी गिळतात आणि कूपन वाचतं.

खोलीत खिडकी उघडी ठेवा. नायट्रोजनला वास नसतो. बंद खोलीत साठला तर माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते.

प्लाझ्मा नायट्राइडिंगची भट्टी मिळाली तर त्यात काही मिलीबार दाबाला, विजेच्या झोताने नायट्रोजनचे आयन पृष्ठभागावर आपटतात. पृष्ठभाग झोतानेच साफ होतो, आणि तापमान थोडं खाली आणता येतं. वायूत हायड्रोजन मिसळलेला असेल तर तो किती मुरला हे तपासायची जबाबदारी तुमची. लेझरने पृष्ठभाग वितळवून नायट्रोजन घालायची पद्धतही आहे. तिथं थर जाड येतो, पण गोठताना तडे जातात. नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

पाचवी पायरी: तापमान आणि वेळ

निर्वातातच ८५० अंशांपर्यंत चढवा, तापमान स्थिर झाल्यावर नायट्रोजन सोडा. आधीच सोडला तर चढत्या तापमानातच थर धरायला लागतो आणि मोजायचा वेळ नेमका कुठून सुरू झाला ते सांगता येत नाही.

थराची वाढ वर्गमुळाने चालते. जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो. कारण सरळ आहे: थर जितका जाड, तितका नायट्रोजनला आत जायचा रस्ता लांब, आणि तितकी पुढची वाढ सावकाश. एका तासात २ मायक्रॉन आला असं धरलं, तर ४ मायक्रॉनला दोन तास नव्हे, चार तास लागतील; ६ मायक्रॉनला नऊ. स्टीलवाल्यांना हे ठाऊक असतं, तरी ‘अजून दोन तास ठेवू, दुप्पट येईल’ हे वाक्य मी अजूनही ऐकतो.

तापमानाचा हात याहून जड आहे. अणूला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायला लागणारी ऊर्जा प्रति मोल २०० किलोज्यूल धरून गणित मांडू. ८५० वरून ९०० अंशांवर गेलो तर वाढीचा स्थिरांक (जाडीचा वर्ग दर तासाला किती वाढतो तो आकडा) सुमारे अडीचपट होतो, जाडी सुमारे १.६ पट. म्हणजे ५० अंश चढवणं हे अडीचपट वेळ देण्यासारखं आहे. उलटा अर्थही ध्यानात घ्या. भट्टीच्या दोन टोकांत २० अंशांचा फरक असेल तर एकाच लॉटमधली कूपनं वेगवेगळी येणार, आणि तुम्ही धातूला दोष देत बसणार.

मग सरळ तापमानच वाढवावं का? गाभा आडवा येतो. ९०० च्या पुढे कण वाढण्याचा वेग जाणवू लागतो. ज्या भागाला वारंवार वाकायचं, थरथरायचं आहे, त्याची थकवा सहन करण्याची ताकद नायट्राइडिंगने बहुधा कमी होते: एकीकडे मोठे कण, दुसरीकडे ठिसूळ साल, जिथून चीर सुरू होते. नुसत्या घासणीसाठीचा भाग असेल तर हे चालून जातं. भार झेलणारा शाफ्ट असेल तर थकव्याची चाचणी केल्याशिवाय हो म्हणू नका.

आता माझा स्वतःचा कल सांगतो. सोनेरी सालीची जाडी वाढवण्यापेक्षा डिफ्यूजन झोन खोल करण्यावर वेळ खर्च करा. त्याला दोन रस्ते आहेत. नायट्रोजनचा दाब कमी ठेवला तर कंपाउंड लेयर पातळ राहतो आणि आतल्या पट्ट्याला वाढायला वाव मिळतो. किंवा नायट्राइडिंग झाल्यावर वायू काढून टाकून, त्याच तापमानाला निर्वातात कूपन ठेवायचं. बाहेरून पुरवठा बंद, पण सालीतला नायट्रोजन आत झिरपत राहतो; वरचा नायट्राइड आधी टीआय-टू-एनमध्ये आणि मग डिफ्यूजन झोनमध्ये विरत जातो. रंग फिका पडतो, कधी राखाडीही होतो. दिसायला हे कूपन कुणाला आवडत नाही. मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

सहावी पायरी: थंड करणं

घाई नको. भट्टी बंद करून नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात १५० अंशांच्या खाली येऊ द्या. गरम असताना उघडली तर सोनेरीवर तांबूस, जांभळ्या छटा चढतात. ते ऑक्साइड असतं. त्याने थर बिघडतोच असं नाही, पण रंगावरून काही सांगायची सोय उरत नाही.

सातवी पायरी: आत काय झालं ते पाहणं

आधी वजन. टायटॅनियम नायट्राइडची घनता ५.४ धरली आणि त्यात वजनाने २२.६ टक्के नायट्रोजन असतो हे लक्षात घेतलं, तर १ मायक्रॉन जाडीच्या थरात दर चौरस सेंटिमीटरला ०.१२ मिलिग्रॅम नायट्रोजन येतो. आपल्या चकतीचं क्षेत्रफळ ९.४ चौरस सेंटिमीटर. सगळा मिळून २ मायक्रॉनचा थर असेल तर वजन २.३ मिलिग्रॅम वाढायला हवं. प्रत्यक्षात त्याहून जास्त वाढतं, आणि तो जास्तीचा नायट्रोजन म्हणजेच डिफ्यूजन झोनमध्ये गेलेला. बिनखर्चाची, पाच मिनिटांची ही तपासणी मी कधीच चुकवत नाही.

मग एक्स-रे डिफ्रॅक्शन: एक्स-रे कोणत्या कोनांत जोराने परततात ते पाहून थरात कोणते स्फटिक आहेत ते कळतं. तांब्याची एक्स-रे नळी असेल तर नायट्राइडच्या रेषा ३६.७ आणि ४२.६ अंशांजवळ, टीआय-टू-एनची ठळक रेषा ३९.३ जवळ, अल्फाची सगळ्यात जोरकस ४०.२ जवळ. अल्फाच्या रेषा मूळ जागेवरून कमी अंशाकडे सरकलेल्या दिसतील. पोकळ्यांत नायट्रोजन बसल्याने जाळी फुगते, म्हणून. ते सरकणं म्हणजे डिफ्यूजन झोनची सही. २७.४ जवळ रेषा उठली तर ते रुटाइल, म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड, आहे; ऑक्सिजन आत आला. चौथ्या पायरीकडे परत जा.

त्यानंतर छेद. कूपन कापून बेकलाइटमध्ये बसवताना कडेला निकेल प्लेटिंग करून घ्या किंवा तांब्याची पातळ फॉइल गुंडाळा. नाही तर पॉलिशमध्ये कड गोल होते, आणि जो थर बघायचा तोच झिजून जातो. शेवटचं पॉलिश कोलॉइडल सिलिकावर. एचिंगला, म्हणजे आम्लाने आतली रचना उठवायला, क्रोल रीएजंट: दोन-तीन मिलिलिटर हायड्रोफ्लोरिक आम्ल, पाच-सहा मिलिलिटर नायट्रिक, बाकी १०० पर्यंत पाणी. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडल्यावर लगेच जळजळत नाही, आत हाडापर्यंत जातं. हातमोजे, चेहऱ्यावर शील्ड, फ्यूम हूड आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल. यातलं काहीही कमी असेल तर बाटली उघडू नका. प्लास्टिकची भांडी वापरा, काच ते आम्ल खातं.

मायक्रोस्कोपखाली ग्रेड ५ च्या छेदात आत राखाडी-पांढऱ्या अल्फामध्ये बीटाचे काळपट ठिपके दिसतील. नजर कडेकडे सरकवत न्या. एका ठिकाणी ठिपके विरळ होतात, मग संपतात, आणि पुढे कडेपर्यंत नुसता स्वच्छ उजळ पट्टा. नायट्रोजन अल्फाचा पाठीराखा आहे. तो जिथं पोचला तिथल्या बीटाचा अल्फा झाला. नायट्रोजन किती आत गेला हे धातूने स्वतःच रेघ मारून दाखवलेलं असतं. मी पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा आयपीसवरून डोळा काढवेना.

आता कडकपणा, आणि इथं नवखे हमखास फसतात. विकर्स चाचणीत हिऱ्याचं टोक ठराविक भाराने दाबतात आणि उमटलेल्या ठशाचा कर्ण मोजतात. २५ ग्रॅम भाराने २००० विकर्सच्या पदार्थावर उमटणाऱ्या ठशाचा कर्ण ४.८ मायक्रॉन, खोली सुमारे ०.७ मायक्रॉन येते. ठशाची खोली थराच्या जाडीच्या दहाव्या भागाच्या आत हवी, हा नियम. म्हणजे थर किमान ७ मायक्रॉनचा हवा. तुमचा थर २ मायक्रॉनचा असेल आणि वरून ठसा मारून ११०० आला, तर तो ना सालीचा आकडा, ना खालच्याचा. दोघांची खिचडी आहे. सालीचा खरा आकडा नॅनोइंडेंटरशिवाय (अगदी हलक्या भाराने ठसा मारणाऱ्या यंत्राशिवाय) मिळत नाही. सूक्ष्म विकर्स वापरा ते छेदावर, डिफ्यूजन झोनचा उतार मोजायला. गाभ्याजवळ ३५० विकर्सला त्याच भाराचा ठसा ११.५ मायक्रॉनचा होतो. दोन ठशांत किमान अडीच-तीन कर्णांचं अंतर ठेवायचं, म्हणून एका सरळ रेषेत न मारता तिरप्या ओळीत मारा. म्हणजे कडेपासून दर पाच-सहा मायक्रॉनला एक आकडा मिळेल. ते आकडे खोलीसमोर मांडले की उतार समोर येतो. घसरगुंडीसारखा सावकाश उतरला तर उत्तम. कड्यासारखा तुटला तर साल आली आहे, आधार आलेला नाही.

आठवी पायरी: तीन कूपनं, एक रेषा

एका कूपनवर थांबू नका. त्याच ८५० अंशांना १, ४ आणि ९ तास अशी तीन घ्या. आलेखात आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ मांडा, म्हणजे १, २, ३; उभ्या अक्षावर कंपाउंड लेयरची जाडी. त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने डिफ्यूजन झोनची खोली. तिन्ही बिंदू एका रेषेत आले तर वाढ नायट्रोजनच्या चालीवर ठरते आहे आणि तुमची भट्टी प्रामाणिक आहे. रेषा शून्यातून न जाता थोडी बाजूने गेली तर घाबरू नका. साय सलग व्हायला लागणारा वेळ तिथं दिसतो. पण नऊ तासांचा बिंदू रेषेच्या खूप खाली पडला, तर कूपनाचा रंग परत बघा, २७.४ अंशांची रेषा परत तपासा, आणि पंपाचा व्हॉल्व बंद करून गेजसमोर पुन्हा दहा मिनिटं बसा.